स्वस्त कन्व्हर्टर, महाग समजुती

एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला हेडफोनची पिन जाईल एवढं भोक आणि मध्ये वीतभर वायर. एवढ्याशा वस्तूची किंमत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शंभर-दीडशे रुपयांपासून सुरू होते. ॲपलचा कन्व्हर्टर हजाराच्या घरात जातो. शौकिनांसाठी माल ठेवणाऱ्या दुकानांत हीच वस्तू 'डॅक' किंवा 'डाँगल' या नावानं पाच, दहा, वीस हजारांपर्यंत चढते. काम सगळ्यांचं एकच, फोनमधलं किंवा संगणकातलं गाणं वायरच्या हेडफोनपर्यंत पोचवणं. मग किमतीत शंभर पटींचा फरक कशाचा, आणि त्यातला किती कानाला कळतो?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं संशयानं वाचता येईल. डिजिटल आकड्यांचा आवाज करण्याचं काम आता इतकं स्वस्त झालंय, की त्यासाठी हजाराच्या वर पैसे मोजायला बहुतेकांकडे कारण उरलेलं नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांचं कारण त्यांच्या हेडफोनमध्ये असतं. मात्र स्वस्त म्हणजे कुठलाही नव्हे. शंभर रुपयांच्या काही कन्व्हर्टरांच्या पोटात वायरीखेरीज काहीच नसतं, आणि तिथेच बहुतेक ग्राहक फसतात.

हा प्रश्न उभा राहिला तो फोनमधला साडेतीन मिलिमीटरचा जॅक गेला म्हणून. या पिनेचा थोरला भाऊ, पाव इंची जॅक, एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधला. धाकटी आवृत्ती ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर घरोघर गेली आणि १९७९च्या सोनी वॉकमननं ती जगभर पक्की केली. सप्टेंबर २०१६मध्ये आयफोन ७ आला तो जॅकविना. त्याआधी लेइको आणि मोटोरोलानं असे फोन काढले होते, पण गाजावाजा ॲपलचा झाला, कारण त्यांचे अधिकारी फिल शिलर यांनी या निर्णयामागे 'धैर्य' असल्याचं व्यासपीठावरून सांगितलं. त्याच कार्यक्रमात एअरपॉड्सही जाहीर झाले, हा योगायोग मानायचा की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. पुढच्याच महिन्यात गुगलनं पहिल्या पिक्सेलच्या जाहिरातीत 'आमच्याकडे जॅक आहे' म्हणून ॲपलला चिमटा काढला आणि वर्षभरात पिक्सेल २मधून तो काढूनही टाकला. सॅमसंगनं २०१९च्या नोट १०मध्ये तोच रस्ता धरला. आज परिस्थिती अशी उलटी झालीय, की दहा-बारा हजारांच्या कित्येक फोनांत जॅक सापडतो आणि लाखाच्या फोनला कन्व्हर्टर लागतो.

कन्व्हर्टर दोन जातींचे असतात, आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. पहिल्या जातीत चिप असते. फोन तिला आकडे देतो, चिप त्या आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करते, त्या थोड्या वाढवते आणि हेडफोनकडे पाठवते. हे रूपांतर करणारा भाग म्हणजे डॅक. दुसऱ्या जातीत चिप नसते, नुसत्या वायरी जोडलेल्या असतात. टाइप-सीच्या मानकात एक सोय आहे: काही ठरावीक पिना जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेल्या दिसल्या, की फोनानं समजायचं की समोर साधा हेडफोन आहे, आणि एरवी डेटा वाहणाऱ्या पिनांवरून आपल्याच आतल्या डॅकचा आवाज बाहेर सोडायचा. शाओमी, हुआवे, मोटोरोलाच्या काही फोनांत ही सोय होती. पिक्सेल आणि नोट १०पासूनच्या सॅमसंगमध्ये ती नाही. म्हणून एकाच्या फोनला उत्तम चालणारा कन्व्हर्टर दुसऱ्याच्या फोनात मठ्ठपणे गप्प बसतो आणि दुकानदार म्हणतो, 'फोनचाच प्रॉब्लेम आहे.' एका अर्थानं त्याचं बरोबरही असतं.

बिनचिपेच्या कन्व्हर्टरनं आवाज 'सुधारतो' हा दावा मुळातच निकाली निघतो. तो फोनच्या आतल्या डॅकचाच आवाज बाहेर काढतो, त्यात भर घालायला त्याच्याकडे काही नाही. ओळखायची युक्ती मात्र सोपी आहे. कन्व्हर्टर लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला लावा. चिप असेल तर साउंडच्या यादीत नवं नाव उमटतं. चिप नसेल तर लॅपटॉपला काही लागल्याचा पत्ताही लागत नाही.

चिप असूनही कन्व्हर्टर चालत नाही, असंही होतं. ओप्पो, रिअलमी आणि वनप्लसच्या बऱ्याच फोनांत ओटीजी नावाचं बटण सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि दहा मिनिटं काही जोडलेलं नसलं की ते आपोआप बंद होतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगले कन्व्हर्टर 'खराब' म्हणून परत गेले असतील.

आता मुख्य मुद्दा. हजार रुपयांच्या चिपेचा आवाज खरंच चांगला असतो का? असतो, आणि हे मोजून सांगता येतं. ॲपलचा टाइप-सी कन्व्हर्टर २०१८च्या अखेरीस आयपॅड प्रोबरोबर आला, अमेरिकेत किंमत नऊ डॉलर. ध्वनिउपकरणांची प्रयोगशाळेच्या शिस्तीनं मोजमापं करणारे अमीर मजीदीमेहर यांनी तो यंत्राला लावला, तेव्हा त्याची खरखर आणि विकृती मिळून मूळ आवाजापेक्षा सुमारे ९९ डेसिबल खाली भरली. सोळा बिटांच्या सीडीची सैद्धांतिक मर्यादा ९६ ते ९८ डेसिबलच्या आसपास आहे. म्हणजे १९८२ साली ज्या दर्जाला जग परिपूर्ण म्हणत होतं, तो आता शेंगदाण्याएवढ्या वस्तूत मावतो. त्याच्या आतली चिप सिरस लॉजिकची आहे आणि तिची मजल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत. डब्यावर भले मोठे आकडे नसल्यामुळे पुष्कळ शौकीन त्याला नाकं मुरडतात. मुरडोत.

स्वस्तात इतकं शक्य आहे हे पटायला शौकिनांच्या जगाला वेळ लागला, आणि त्यात एका विलक्षण माणसाचा वाटा आहे. २०११च्या सुमारास एका अज्ञात इंजिनिअरनं टोपणनावानं लिहायला सुरुवात केली. त्याच्याकडे व्यावसायिक मोजयंत्र होतं आणि महागड्या कंपन्यांच्या दाव्यांविषयी मनस्वी चीड होती. कित्येक नावाजलेली उपकरणं त्यानं मोजून उघडी पाडली. 'तुम्ही करून दाखवा' असं आव्हान आल्यावर ओ-२ नावाचा हेडफोन अँप्लिफायर स्वतः आखला, तो बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त सुट्या भागांतून बांधता येईल असा ठेवला, आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. पुढच्या वर्षी त्याच्या जोडीचा डॅकही आला. कितीतरी पट महाग यंत्रांच्या पंगतीला हे बसू शकतं, हे मोजमापांनी दाखवलं. २०१२मध्ये तो लिहायचा थांबला, आणि तो कोण होता हे आजवर उघड झालेलं नाही. त्याच वर्षी ऑडिओक्वेस्टचा ड्रॅगनफ्लाय हा पेनड्राइव्हच्या आकाराचा डॅक अडीचशे डॉलरना बाजारात आला, आणि खिशात मावणाऱ्या डॅकचा धंदा तिथून फुलला. नंतर चिनी कारखान्यांनी किमती धाडकन खाली आणल्या. कोनेक्झंटची सीएक्स ३१९९३ किंवा रिअलटेकच्या चिपा घेतलेले जेकॅली वगैरेंचे कन्व्हर्टर आज हजार-पंधराशेत मिळतात. फिओचा केए ११ त्याहून थोडा वर, पण ताकदीनं बराच पुढे.

ॲपलच्या कन्व्हर्टरमध्ये दोन खोडी आहेत. पहिली, तो दोन आवृत्त्यांत निघतो. अमेरिकेतला ए २०४९ हा पूर्ण आवाजाला साधारण एक व्होल्ट देतो. युरोपातला ए २१५५ तिथल्या श्रवणसुरक्षेच्या नियमांमुळे निम्मा, अर्धा व्होल्ट. परदेशातून येणाऱ्या भाच्याकडून मागवणार असाल तर तो कुठल्या देशातून येतोय याला महत्त्व आहे. जर्मनीतल्या भाच्यापेक्षा न्यू जर्सीतला भाचा इथे कामाचा. दुसरी खोड अँड्रॉइडवाल्यांसाठी. या कन्व्हर्टरच्या आत आवाजाची स्वतःची एक पातळी असते. आयफोन, मॅक आणि विंडोज ती वर नेतात, पण पुष्कळ अँड्रॉइड फोन तिला हातच लावत नाहीत. ती खालीच राहते आणि फोनचा आवाज पूर्ण केला तरी गाणं दबकं येतं. 'यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो'सारखी ॲप थेट कन्व्हर्टरशी बोलून हा अडथळा काढतात, पण फक्त त्या ॲपमध्ये वाजणाऱ्या गाण्यांपुरता. यूट्यूबला त्याचा उपयोग नाही. म्हणून अँड्रॉइड फोनसाठी ॲपलचा कन्व्हर्टर घेऊ नये. गुगल, सॅमसंगचे किंवा वर सांगितलेल्या चिपांचे घ्यावेत.

संगणकाची गोष्ट वेगळी. तिथे जॅक असतो, तरी कन्व्हर्टर लावावासा वाटतो, आणि बऱ्याचदा तो लावणं योग्यही असतं. स्वस्त डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकला इअरफोन लावला, की गाणं सुरू नसतानाही बारीक सूं ऐकू येते, माऊस हलवला की कुंई होतं, ग्राफिक्स कार्ड कामाला लागलं की सूर चढतो. याचं कारण ध्वनीची चिप वाईट असते हे नव्हे. मदरबोर्डवर त्याच जमिनीवरून प्रोसेसर आणि पंख्यांचे धक्के खाणारे प्रवाह वाहत असतात, आणि पुढच्या जॅकपर्यंत जाणारी वायर त्या सगळ्या गोंगाटातून जाते. कन्व्हर्टर आकड्यांचा आवाज पेटीच्या बाहेर करतो, म्हणून ही कुंई बहुधा नाहीशी होते. अडीचशे-तीनशे रुपयांच्या ज्या हिरव्या-गुलाबी भोकांच्या यूएसबी काड्या मिळतात, त्यांच्यात सहसा सी-मीडियाची जुनी साधी चिप असते. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. वर '७.१ चॅनल' लिहिलेलं असतं तो निव्वळ सॉफ्टवेअरचा खेळ, भोक शेवटी डाव्या-उजव्या कानाचं एकच. पण वाजणारा जॅक मोडलाय, मुलाचा ऑनलाइन क्लास आहे, अशा वेळी ही काडी निमूट काम करते. रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डांवर तर ती जवळजवळ गरजेची आहे. जुन्या पायच्या जॅकचा आवाज यथातथा असे, आणि २०२३च्या पाय ५मधून तो जॅकच काढून टाकलाय.

इथे एक गल्लत टाळायला हवी. घूंऽऽ असा वीजपुरवठ्याचा गुंजारव जर स्पीकरमधून येत असेल, लॅपटॉपचा चार्जर काढला की तो थांबत असेल, तर तो दोष दोन ठिकाणच्या अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. स्पीकर एका प्लगवर, लॅपटॉप दुसऱ्यावर, आणि मधली ऑडिओ वायर दोघांना जोडणारी. कन्व्हर्टर बदलून हा गुंजारव जात नाही, कारण यूएसबीतूनही जमीन जोडलेलीच राहते. त्याला चारपाचशे रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर लागतो, ज्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. हेडफोनला मात्र हा त्रास नसतो, कारण तो भिंतीतल्या प्लगला जोडलेला नसतो.

उलट बाजूही सांगायला हवी. काही संगणकांचा जॅक कुठल्याही स्वस्त कन्व्हर्टरपेक्षा सरस असतो. २०२१पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये जड, म्हणजे जास्त ओहमचा, हेडफोन लागला की जॅक स्वतःहून तीन व्होल्टपर्यंत जातो. अशा यंत्राला कन्व्हर्टर लावणं म्हणजे पाऊल मागे टाकणं. चांगल्या मदरबोर्डांचे मागचे जॅकही बहुधा शांत असतात. म्हणून खरेदीआधी एक चाचणी करावी: काही न वाजवता आवाज पूर्ण करून ऐका. काही ऐकू आलं नाही, आणि गाणं लावल्यावर हवा तेवढा मोठा आवाज मिळाला, तर तुम्हाला कन्व्हर्टरची गरज नाही. विषय संपला.

'हवा तेवढा मोठा' याचं गणित हेडफोन ठरवतो. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा, जड समजला जाणारा हेडफोन. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे एक व्होल्ट मिळाला की तो १०३ डेसिबल आवाज देतो. ॲपलचा अमेरिकी कन्व्हर्टर एक व्होल्ट देतो, म्हणजे कमाल १०३. युरोपी अर्धा व्होल्ट देतो, म्हणजे सहा डेसिबल कमी, ९७. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात आलापीची सरासरी पातळी आणि द्रुत तानेच्या टोकाची पातळी यांत पंधरा-वीस डेसिबलांचं अंतर धरलं, तर सरासरी अमेरिकी कन्व्हर्टरवर ८३ ते ८८ आणि युरोपीवर ७७ ते ८२ उरते. एवढं पुरतं. किंबहुना तासन् तास ऐकणाऱ्याला ते पुरेसंच असावं, कारण जागतिक आरोग्य संघटनेनं सुरक्षित मर्यादा सांगितलीय ती ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. आणि आपण जे साधे इअरफोन वापरतो, १६ किंवा ३२ ओहमचे, त्यांना याच्या दशांश ताकदही खूप होते. ताकद कमी पडते ती प्लॅनर जातीच्या काही हेडफोनना, ज्यांना व्होल्टपेक्षा प्रवाह जास्त लागतो. ते वापरणाऱ्यानं चार-पाच हजारांच्या, जोरकस अँप असलेल्या डाँगलकडे बघावं. या एका गटासाठी महाग वस्तूला खरं कारण आहे.

ताकदीइतकाच, आणि जाहिरातीत कधीच न येणारा दुसरा आकडा म्हणजे कन्व्हर्टरचा स्वतःचा अंतर्गत अवरोध. तो हेडफोनच्या अवरोधाच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, असा इंजिनिअरांचा जुना ठोकताळा आहे. जास्त असला तर हेडफोनचा सूरच बदलतो: कुठे खर्ज फुगतो, कुठे वरचे स्वर बोथट होतात. अनेक छोटे ड्रायव्हर असलेल्या इअरफोनमध्ये हे फार जाणवतं. काही जुन्या लॅपटॉप आणि रिसीव्हरांच्या जॅकचा अवरोध मोठा असतो. चांगल्या कन्व्हर्टरांचा एक ओहमच्या आसपास. कन्व्हर्टर लावल्यावर 'आवाज खुलला' असं कुणी म्हणतं, तेव्हा बऱ्याचदा खरं कारण हे असतं. बाकी वेळा कारण त्याहून साधं असतं. नवा कन्व्हर्टर एखाद डेसिबल मोठा वाजतो, आणि मोठा आवाज माणसाला चांगला वाटतो. दोन वस्तूंची तुलना करताना त्यांची पातळी मोजून समान केली नाही, तर ती तुलना चहा पिता पिता मारलेल्या गप्पांपेक्षा जास्त काही नसते.

हाय-रेझच्या गोष्टीकडे वळू. डब्यावर ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ, डीएसडी असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं. यातलं कानाला काय कळतं? बोस्टनच्या ई. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एसएसीडीसारखी उच्च दर्जाची ध्वनिमुद्रणं श्रोत्यांना ऐकवली, आणि मध्येच ती सीडीच्या दर्जाच्या रूपांतरातून फिरवून आणली. कुठली सरळ आणि कुठली फिरवलेली, हे ओळखायचं होतं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेच झालं असतं. २०१६मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रिस यांनी अशा अठरा प्रयोगांची एकत्र छाननी केली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं, आणि श्रोत्यांना आधी सराव दिला तर साठच्या आसपास. म्हणजे फरक अगदीच शून्य नाही. पण शांत खोलीत, उत्तम यंत्रांवर, सराव करून जो मोठ्या मुश्किलीनं सापडतो, तो लोकलमध्ये खिडकीशी उभं राहून सापडणार नाही, हे सांगायला प्रयोगाची गरज नाही.

त्यात अँड्रॉइडची गंमत. फोन बहुतेक सगळे आवाज एकत्र करून ४८ किलोहर्ट्झच्या साच्यात ओततो, मग बाहेर पाठवतो. म्हणजे ३८४ची मजल असलेला डाँगल बहुतेक वेळ ४८वरच काम करतो. मूळ आकडे जसेच्या तसे यूएसबीवर जातील अशी सोय अँड्रॉइड १४मध्ये, २०२३ साली आली, तीही ॲपनं वापरली तरच. एमक्यूए नावाच्या बंदिस्त फॉरमॅटची कथा याहून बोलकी आहे. कित्येक वर्षं डाँगलवर 'एमक्यूए चालतं' असं मिरवून जास्त पैसे घेतले गेले. एप्रिल २०२३मध्ये त्या मूळ कंपनीचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हाती गेला, आणि २०२४मध्ये टायडल या संगीतसेवेनं तो फॉरमॅट सोडून साधा फ्लॅक स्वीकारला. ज्यांनी त्या शिक्क्यासाठी पैसे मोजले, त्यांच्या डाँगलवर आता एक निरुपयोगी दिवा उरलाय. फोनमध्येच उत्तम डॅक घालायचा प्रयोगही झालेला आहे. एलजीनं २०१६च्या व्ही २०पासून ईएसएस कंपनीचा चौपदरी डॅक फोनात बसवला, शौकिनांनी तो डोक्यावर घेतला, आणि २०२१मध्ये एलजीनं फोनचा धंदाच बंद केला. चांगला डॅक फोन विकून देत नाही, हे त्या कंपनीनं स्वतःच्या खर्चानं दाखवून दिलं.

या सगळ्याला पर्याय म्हणून ब्लूटूथ आहेच, आणि तो नुसता ऐकण्यासाठी पुष्कळ सुधारलाय. सोनीनं २०१५मध्ये आणलेला एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो. सीडीचा दर १४११ आहे. फरक आहे, पण बसमध्ये कळण्याजोगा नाही. ब्लूटूथच्या इअरबडमध्ये डॅक आणि अँप दोन्ही आतच असतात, तेव्हा त्यांच्यासाठी फोनच्या डॅकची चर्चा निरर्थक. पण एका कामाला ब्लूटूथ अजून नालायक आहे. आवाज निघाल्यापासून कानात पोचेपर्यंत दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. तानपुरा-तबल्याचं ॲप लावून रियाज करणारा, कीबोर्ड जोडून वाजवणारा, व्हिडिओ संकलित करणारा, अशा कुणालाही हा उशीर सहन होत नाही. नुसत्या तानपुऱ्याला एक वेळ चालेल, पण तबला लावून आपला आवाज माइकवर घेतला, की सम सापडते वेगळीकडे आणि मुद्रणात पडते वेगळीकडे. गाणं शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी वायरचा हेडफोन आणि साधा कन्व्हर्टर जवळ ठेवावा, हे मी आग्रहानं सांगेन. या लेखातला हा एकच सल्ला मी कुठलीही अट न घालता देतोय.

माइकचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. चार पट्ट्यांची पिन, म्हणजे माइकसकटचा इअरफोन, दोन प्रकारच्या जोडणीत येते. जुन्या नोकियाच्या काळातल्या जोडणीत माइक आणि जमीन यांच्या जागा उलट होत्या. आता सगळीकडे आयफोनचीच जोडणी चालते. जुना इअरफोन नव्या कन्व्हर्टरला लावला आणि गायिकेचा आवाज गायब होऊन मागची पेटी-व्हायोलिनं तेवढी विहिरीतून आल्यासारखी ऐकू आली, तर घाबरू नका. जमिनीची जोडणी तुटल्यामुळे दोन्ही कानांत समान असलेला आवाज एकमेकांना मारतो, आणि गायिका नेमकी मधोमध असते. अर्धवट बसलेली पिनही हेच करते. कन्व्हर्टरवर दोष ढकलण्याआधी ती दाबून बघावी.

उरला तो पैशांचा प्रश्न. २०१७ साली येरून ब्रीबार्ट यांनी पावणेतीनशेहून अधिक हेडफोनांची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. किंमत आणि स्वरसंतुलन यांत संबंध सापडला नाही. महाग हेडफोन हमखास चांगला वाजतो असं नाही, आणि स्वस्त हमखास वाईट असंही नाही. पण एका हेडफोनातून दुसऱ्यात जाताना पडणारा फरक कित्येक डेसिबलांचा असतो, तर दोन चांगल्या कन्व्हर्टरांतला फरक डेसिबलाच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो. पंधराशे-दोन हजारांत आता मूनड्रॉप, सेव्हन हर्ट्झ, केझेड या चिनी कंपन्यांचे कानात बसणारे इअरफोन मिळतात, ज्यांचा सूर दहा वर्षांपूर्वी दसपट किमतीतही दुर्मीळ होता. दहा हजार खर्चायचे असतील तर नऊ इअरफोनवर आणि एक कन्व्हर्टरवर, हे प्रमाण मला योग्य वाटतं. इअरफोनचे रबरी बोळे कानात नीट बसले नाहीत तर सगळा खर्ज उडून जातो. शंभर रुपयांचे नवे बोळे कधी कधी पाच हजारांच्या डॅकपेक्षा जास्त काम करतात, आणि त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

जुन्या गाण्यांचे दर्दी मात्र एका भ्रमात असतात, त्यांच्याशी जरा स्पष्ट बोलायला हवं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८च्या तबकड्या किंवा रेडिओवरून कुणी टेप करून ठेवलेली मैफल, यांची खरखर मूळ मुद्रणात आहे. डॅक कितीही किमती असला तरी ती काढू शकत नाही, उलट प्रामाणिक डॅक ती जास्त प्रामाणिकपणे ऐकवेल. तिथे फरक पाडतं ते मूळ तबकडीवरून कुणी किती काळजीनं डिजिटल प्रत काढली हे. एकाच तबकडीच्या दोन प्रती ऐकून बघा. इक्वलायझरनं वरचे स्वर जरा खाली घेतले, तर फुकटात जो आराम मिळतो तो कुठल्याही डाँगलनं मिळणार नाही.

तेव्हा निकाल असा. जॅक असेल, शांत असेल, आवाज पुरत असेल तर काहीही घेऊ नका. जॅक नसेल, किंवा संगणकात कुंई होत असेल, तर हजाराच्या आतबाहेरचा, चिप असलेला कन्व्हर्टर घ्या. आयफोन, आयपॅड, लॅपटॉपसाठी ॲपलचा, अँड्रॉइडसाठी दुसरा. जड किंवा प्लॅनर हेडफोन असेल तरच पुढच्या पायरीवर जा, आणि तिथेही किलोहर्ट्झ न बघता व्होल्ट आणि मिलिवॅट विचारा. या कन्व्हर्टरांची खरी कमजोरी आवाजात नाही, वायरीत आहे. ती टाइप-सीच्या टोकापाशी पहिली तुटते. फोन खिशात घालताना ते टोक वर राहील असा ठेवा, आणि कन्व्हर्टर फोनला नव्हे, हेडफोनच्या पिनेलाच कायमचा लावून टाका, म्हणजे तो हरवणारही नाही.